हा ढग असा का दिसतो? दुर्मीळ ढग ओळखायला शिकताना

ताटासारखा गुळगुळीत ढग, मधोमध गोल भोक पडलेला ढग, समुद्राच्या लाटेसारखा वळून फुटणारा ढग. असे फोटो अधूनमधून फोनवर येतात, खाली कुणीतरी 'बनावट आहे' असं लिहून मोकळं होतं आणि विषय तिथेच संपतो. खरं तर यातले बरेच फोटो अस्सल असतात. आणि यातले काही ढग आपण समजतो तितके दुर्मीळही नसतात. ते पाच-दहा मिनिटं टिकतात आणि त्या पाच-दहा मिनिटांत कुणी मान वर करत नाही, एवढंच.

ढग पाहायला दुर्बीण लागत नाही, पैसेही लागत नाहीत. सवय मात्र लागते. ती कशी लावून घ्यायची आणि विचित्र आकार दिसला की त्यामागे हवेचं काय चाललंय हे कसं ओळखायचं, ते इथे क्रमाने सांगते.

पायरी १: आधी रोजचे ढग

हा भाग कंटाळवाणा आहे, पण टाळता येत नाही. साधे ढग डोळ्यांत बसले नसतील तर वेगळा ढग वेगळा आहे हे कळणार कसं?

ढगांना नावं देण्याची आजची पद्धत ल्यूक हॉवर्ड या लंडनच्या औषधविक्रेत्याने १८०२ मध्ये मांडली. त्याची लॅटिन नावं आजही चालतात. क्युम्युलस म्हणजे कापसाचे ढीग, स्ट्रॅटस म्हणजे सपाट थर, सिरस म्हणजे पिंजलेले पांढरे तंतू. मधल्या उंचीच्या ढगाला 'अल्टो' हे उपपद लागतं आणि पावसाच्या ढगाच्या नावात 'निंबस' येतं. या तुकड्यांच्या जोडणीतून मुख्य दहा प्रकार होतात.

नवख्यांचा सगळ्यात मोठा गोंधळ उंचीचा असतो. आकाशात छोट्या छोट्या गोळ्यांची चादर दिसते, पण ती दोन किलोमीटरवर आहे की आठ, हे नुसत्या नजरेला कळत नाही. त्यासाठी एक सोपा उपाय आहे. हात पूर्ण ताणा आणि क्षितिजापासून बऱ्यापैकी वर असलेल्या एका गोळ्यावर बोटं धरा. गोळा करंगळीमागे लपला तर तो उंचावरचा सिरोक्युम्युलस. करंगळीपेक्षा मोठा, पण तीन बोटांत मावणारा असेल तर मधला अल्टोक्युम्युलस. तीन बोटांनाही पुरून उरला तर खालचा स्ट्रॅटोक्युम्युलस. आठवडाभर हे करून पाहा. नंतर बोटं धरायची गरजच पडत नाही.

पायरी २: ढग बनतो कसा, एवढं पक्कं करा

हवेत पाण्याची वाफ असते, ती डोळ्यांना दिसत नाही. हवा वर चढली की तिच्यावरचा दाब कमी होतो, ती प्रसरण पावते आणि गार होते. ढग नसलेली हवा दर किलोमीटरला सुमारे १० अंश सेल्सियसने थंडावते. एका ठरावीक तापमानाला, म्हणजे दवबिंदूला, तिला सगळी वाफ धरून ठेवता येत नाही. मग ती वाफ धुळीच्या, मिठाच्या किंवा धुराच्या सूक्ष्म कणांवर बसते आणि थेंब तयार होतात. ढगातला साधारण थेंब मिलिमीटरच्या पन्नासाव्या-शंभराव्या भागाएवढा असतो, म्हणूनच तो तरंगत राहतो.

यातून एक गंमतीचं गणित हाती येतं. जमिनीजवळचं तापमान आणि दवबिंदू यांच्यातल्या फरकाला १२५ ने गुणा. उत्तर येईल ती कापशी ढगाच्या तळाची मीटरमधली अंदाजे उंची. तापमान ३० आणि दवबिंदू २२ असेल तर फरक ८, म्हणजे तळ साधारण १००० मीटरवर. दोन्ही आकडे फोनवरच्या कुठल्याही बऱ्या हवामान-अ‍ॅपमध्ये मिळतात. पहिल्यांदा हे गणित जमलं की उगाचच फार हुशार झाल्यासारखं वाटतं.

पुढच्या बहुतेक आकारांना एकच प्रश्न विचारायचा आहे: इथे हवेला वर कोण ढकलतंय, आणि तिला परत खाली कोण खेचतंय?

पायरी ३: एकाच ढगाकडे दहा मिनिटं पाहा

विजेचा खांब, झाडाची फांदी, इमारतीचा कोपरा, असं काहीतरी स्थिर धरा आणि त्याच्या आडोशाने ढग सरकतो का ते बघा. वारा जोरात आहे, शेजारचे ढग पळताहेत आणि हा एकटाच जागचा हलत नाही, असं दिसलं तर मांडी ठोकून बसा. तुम्हाला बहुधा भिंगाकार ढग, म्हणजे लेंटिक्युलर, सापडलेला आहे.

माझ्या मते शिकायला हा सगळ्यात चांगला ढग. डोंगराच्या आडव्या रांगेवर जोराचा वारा येऊन धडकतो. हवेचे थर स्थिर असतील, म्हणजे वर ढकललेली हवा आपणहून खाली यायला बघत असेल, तर डोंगर ओलांडल्यावर ती खाली येते, जास्तच खाली जाते, पुन्हा वर उसळते, पुन्हा खाली. वाहत्या ओढ्यातल्या दगडामागे पाण्याच्या लाटा जागच्या जागी उभ्या राहिलेल्या तुम्ही पाहिल्या असतील, तसंच हे. लाटेच्या माथ्यावर हवा दवबिंदूपर्यंत गारठते आणि ढग उमटतो. ती उताराला लागली की तापते आणि थेंब विरून जातात. ढगाच्या वाऱ्याकडच्या कडेला सतत नवे थेंब जन्मतात, पलीकडच्या कडेला जुने मरतात. मधून वारा ताशी शंभर किलोमीटरने वाहत असला तरी ढग मात्र खुंटीला बांधल्यासारखा.

दमट आणि कोरड्या हवेचे थर एकावर एक असतील तर ताटांची चळत रचल्यासारखे दोन-तीन ढग दिसतात. जपानमधल्या फुजी पर्वताच्या माथ्यावर टोपीसारखा ढग बसतो, आणि फुजीने टोपी घातली की पाऊस जवळ आला असं तिथले लोक म्हणतात. त्यात तथ्य आहे, कारण टोपी बसायला लागणारा दमट, जोराचा वारा बरेचदा येणाऱ्या पावसाळी प्रणालीच्या पुढे चालत असतो. अमेरिकेतला माउंट रेनियरही या ढगांसाठी प्रसिद्ध आहे. ग्लायडर उडवणारे हे ढग मुद्दाम शोधतात, कारण लाटेच्या चढत्या बाजूवर इंजिनाशिवाय खूप वर जाता येतं. त्याच लाटेखाली मात्र हवा भोवऱ्यासारखी घुसळत असते, आणि विमानाला ती घातक ठरू शकते.

कडा गुळगुळीत आहे का, हेही बघा. गुळगुळीत कडा म्हणजे हवा शांतपणे थराथराने वाहते आहे. फुलकोबीसारखी कडा म्हणजे खालून गरम हवेचे बुडबुडे वर येताहेत. ही एक खूण लक्षात राहिली तरी अर्धं काम झालं.

पायरी ४: लाटा दिसल्या तर आधी फोन काढा, मग विचार करा

केल्विन-हेल्महोल्ट्झ नावाचा ढग लहान मुलाने काढलेल्या समुद्रासारखा दिसतो: एकामागोमाग एक सारख्या, पुढे वळून फुटणाऱ्या लाटा. वरचा थर वेगाने आणि खालचा हळू सरकत असेल, तर दोघांच्या सीमेवर वळ्या पडतात. तळ्यावरून वारा गेला की पाणी उचललं जातं, त्याच जातीची ही गोष्ट. हेल्महोल्ट्झने १८६८ मध्ये आणि केल्विनने १८७१ मध्ये याचं गणित मांडलं. लाटेचं टोक ज्या बाजूला वळलेलं दिसतं, त्या बाजूला वरचा वारा जास्त वेगाने चाललाय. आकार जेमतेम दोन-चार मिनिटं टिकतो, म्हणून 'आधी फोन'. वाऱ्याच्या दिवशी ढगाच्या किंवा धुक्याच्या थराच्या वरच्या कडेवर नजर ठेवा.

याचा दूरचा भाऊ म्हणजे अ‍ॅस्पेरिटास. खवळलेला समुद्र पाण्याखालून पाहावा तसं सगळं आकाश दिसतं. बघणाऱ्याला भीती वाटते, पण त्यातून वादळ उतरतंच असं नाही. याची कहाणी हौशी लोकांना आवडेल अशी आहे. २००६ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यात सीडर रॅपिड्स इथे काढलेला एक फोटो ब्रिटनमधल्या क्लाउड अ‍ॅप्रिसिएशन सोसायटी या ढगप्रेमींच्या संस्थेकडे पोचला. तसेच आणखी फोटो जमत गेले आणि संस्थेने हा वेगळा प्रकार मानावा असा आग्रह धरला. जागतिक हवामान संघटनेचा आंतरराष्ट्रीय मेघ-अ‍ॅटलास १८९६ पासून निघतो. त्याच्या २०१७ च्या आवृत्तीत अ‍ॅस्पेरिटास दाखल झाला. म्हणजे फोनमधले फोटो अगदीच वाया जात नाहीत.

पायरी ५: भोक पडलं असेल तर विमान आठवा

पातळ, दाणेदार ढगाच्या चादरीत गोल किंवा लांबट भोक, आणि भोकाच्या मधोमध लोंबणारा पिंजलेला पांढरा झुपका. याला कॅव्हम म्हणतात. लोकांना यात उडती तबकडी दिसते. खरं कारण मला तबकडीपेक्षा जास्त रंजक वाटतं.

पाणी शून्य अंशाला गोठतं, हे शाळेतलं वाक्य ढगात अर्धंच खरं. इतक्या बारीक थेंबाला गोठायला आधार म्हणून योग्य कण मिळाला नाही, तर तो उणे १५, उणे २० अंशालाही पाणीच राहतो. याला अतिशीत पाणी म्हणतात. उणे ४० च्या आसपास मात्र त्याचा निरुपाय होतो. असा अतिशीत थेंबांचा थर नाजूक तोल सांभाळून उभा असतो आणि त्यातून विमान जातं. पंखांवरून आणि पंख्याच्या पात्यांच्या टोकांवरून जाणारी हवा झटकन प्रसरण पावते, आणखी गारठते आणि काही थेंब गोठतात.

इथून साखळी सुरू होते. बर्फावर वाफ पाण्यापेक्षा सहज बसते. म्हणून बर्फाचे स्फटिक आजूबाजूची वाफ ओढून वाढतात. हवा कोरडी पडत जाते, तशी ती भरून काढायला शेजारचे थेंब वाफ होऊन संपतात. जड झालेले स्फटिक खाली पडू लागतात, तोच तो मधला झुपका. गोठताना उष्णता बाहेर पडते, तिने मधली हवा किंचित वर उठते आणि कडेची हवा खाली बसते. त्यामुळे कडेचे थेंबही विरतात आणि विमान निघून गेल्यावरसुद्धा भोक कितीतरी वेळ रुंदावत राहतं. विमान थर छेदून वर किंवा खाली गेलं असेल तर भोक गोल पडतं. थरातूनच लांबवर गेलं असेल तर कालव्यासारखी चीर पडते.

कॅव्हम शोधायचा तर अल्टोक्युम्युलस किंवा सिरोक्युम्युलसची सलग चादर असलेला दिवस आणि विमानांचा नेहमीचा मार्ग, दोन्ही हवेत. झुपक्यात इंद्रधनुषी ठिपका चमकला तर तो स्फटिकांतून वळलेला सूर्यप्रकाश. बर्फ असल्याचा तो पुरावाच.

पायरी ६: वादळाचे ढग लांबूनच बघा

क्युम्युलोनिंबस म्हणजे गडगडाटी वादळाचा ढग. तो बारा-पंधरा किलोमीटरपर्यंत चढतो, वर तपांबराच्या छताला टेकतो आणि लोहाराच्या ऐरणीसारखा आडवा पसरतो. त्याच्या अंगाखांद्यावर तीन नमुने दिसतात.

मॅमॅटस ऐरणीच्या खालच्या बाजूला लोंबतो. नाव स्तन या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आलंय, आणि गाईची भरलेली कास आठवली तर चूक नाही. इतर ढग हवा वर चढल्याने होतात, इथे मात्र गार, जड, बर्फाच्या कणांनी लादलेली हवा पिशव्यांच्या रूपात खाली उतरते. एकेक पिशवी एक ते तीन किलोमीटर रुंद असू शकते आणि दहाएक मिनिटांत विरते, समूह मात्र बराच वेळ राहतो. पिशव्याच का, सलग पडदा का नाही, यावर शास्त्रज्ञांत अजून एकमत नाही. मॅमॅटस दिसला म्हणजे चक्रीवात येणार ही समजूत चुकीची आहे. जवळपास मोठं वादळ आहे, इतकंच त्यावरून कळतं. वादळ पुढे सरकल्यावर मावळतीचं ऊन खालून पडलं की हा ढग सर्वांत देखणा दिसतो.

दुसरा शेल्फ क्लाउड. पावसाबरोबर थंड हवा जमिनीवर आपटून पुढे पसरते आणि समोरची उबदार, दमट हवा वर उचलते. त्या रेषेवर पाचरीसारखा, थराथरांचा काळा ढग पुढे सरकत येतो. मी पहिली दोन वर्षं यालाच रोल क्लाउड म्हणत होते. फरक सोपा आहे: शेल्फ मागच्या वादळाला चिकटलेला असतो, रोल सुटा असतो.

तिसरा पिलियस. वेगाने उसळणाऱ्या कापशी ढगाच्या डोक्यावर रेशमी रुमाल टाकल्यासारखा दिसतो. वर येणारा ढग आपल्यावरच्या दमट थराला ढकलतो आणि थोड्याच वेळात तो थर भेदून आरपार जातो. ज्वालामुखीच्या राखेच्या स्तंभावरही हा रुमाल पडतो. जून २००९ मध्ये सारिचेव्ह ज्वालामुखीचा उद्रेक आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरून टिपला गेला, त्या फोटोत तो स्पष्ट दिसतो.

आता सुरक्षितता. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा आणि तीनने भागा, तेवढे किलोमीटर वीज दूर आहे. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर फोटो राहू द्या, पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर येऊ नका. यात तडजोड नाही. शेल्फ अंगावर येईपर्यंत व्हिडिओ काढत उभं राहणं हा शूरपणा नव्हे.

पायरी ७: सुटा गुंडाळा

सुटा रोल क्लाउड, शास्त्रीय नाव व्होल्युटस, लाटण्यासारखा आडवा असतो. तो कुठेही दिसू शकतो, पण त्याची खरी पंढरी ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला, कार्पेन्टेरियाच्या आखातात. तिथल्या गुंडाळ्याला मॉर्निंग ग्लोरी म्हणतात. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पहाटे बर्कटाउन या छोट्या गावावरून तो जातो. लांबी कधी हजार किलोमीटर, जाडी एक-दोन किलोमीटर, वेग ताशी चाळीस ते साठ.

केप यॉर्क द्वीपकल्पाच्या दोन्ही किनाऱ्यांवरून दिवसभर समुद्री वारे आत शिरतात आणि संध्याकाळी एकमेकांना भिडतात. त्या टकरीतून उठलेली लाट रात्री जमिनीलगत साचलेल्या गार, स्थिर थरावरून आखाताकडे धावते. पुढच्या बाजूला हवा चढते आणि ढग बनतो, मागच्या बाजूला उतरते आणि विरतो. म्हणून गुंडाळा पुढे येताना उलट्या दिशेने फिरल्यासारखा दिसतो. भिंगाकार ढगातलीच यंत्रणा आहे. फक्त तिथे लाट उभी होती, इथे ती धावते आहे.

पायरी ८: सूर्य बुडाल्यावर लगेच घरात जाऊ नका

यापुढचे दोन ढग पाहायला उत्तर किंवा दक्षिण गोलार्धात बरंच ध्रुवाकडे राहावं किंवा जावं लागतं. प्रवास ठरवत असाल तर ऋतू बघून ठरवा.

शिंपल्यासारखा चमकणारा नॅक्रियस ढग हिवाळ्यात, पंधरा ते पंचवीस किलोमीटरवर, स्थितांबरात होतो. तिथे तापमान उणे ८० च्या आसपास किंवा त्याखाली जावं लागतं. सूर्य आपल्यासाठी मावळला तरी इतक्या उंचीवर ऊन पोचत असतं, म्हणून अंधारात तो गुलाबी-हिरवा-निळा पेटल्यासारखा दिसतो. दिसायला इतका मोहक, पण या ध्रुवीय ढगांच्या कणांवरच क्लोरीनच्या अशा अभिक्रिया होतात की वसंतात सूर्य उगवला की ओझोन नष्ट होऊ लागतो.

नॉक्टिल्युसंट, म्हणजे रात्री उजळणारा ढग, उन्हाळ्यातला. उंची तब्बल ऐंशी ते पंच्याऐंशी किलोमीटर, मध्यांबराच्या टोकाला. पृथ्वीवरचा सगळ्यात उंच ढग हाच. विचित्र वाटेल, पण ध्रुवांकडे मध्यांबर उन्हाळ्यात सर्वाधिक थंड असतं, कारण त्या काळात तिथली हवा वर चढून प्रसरण पावते. उणे १२० अंशांच्याही खाली, उल्कांच्या धुळीवर बर्फ जमतो. या ढगांच्या पहिल्या स्पष्ट नोंदी १८८५ च्या, क्राकाटोआच्या उद्रेकानंतर दोन वर्षांनी. तेव्हा ज्वालामुखीमुळे रंगलेली संधिप्रकाशं पाहायला लोक आकाशाकडे डोळे लावून बसत होते.

उत्तर गोलार्धात साधारण ५० ते ६५ अंश अक्षांशांवर, मे अखेर ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत शोधा. सूर्य क्षितिजाखाली ६ ते १६ अंश असताना, मावळतीनंतर वायव्येला किंवा उगवतीपूर्वी ईशान्येला. ओळखायची खूण: त्या वेळी साधे ढग काळे दिसतात, हा निळसर-चंदेरी उजळतो.

पायरी ९: नोंद

फोटोत जमिनीवरचं काहीतरी येऊ द्या, नाहीतर आकार आणि दिशा दोन्ही हरवतात. उजेड थोडा कमी ठेवा म्हणजे ढगाचे पांढरे भाग जळणार नाहीत. डिजिटल झूम नको. वेगाने बदलणारा ढग असेल तर फोन टेकवून टाइमलॅप्स लावा. सूर्याजवळचा ढग पाहायचा असेल तर सूर्य एखाद्या भिंतीमागे लपवा. उघड्या डोळ्यांनी त्याच्याकडे रोखून पाहू नका, कॅमेऱ्यातूनही नाही.

वहीत वेळ, दिशा, उंची आणि त्याआधी तिथे काय होतं, एवढं पुरे. उंची मुठीने मोजा: ताणलेल्या हाताची मूठ म्हणजे सुमारे १० अंश.

घरी आल्यावर त्याच वेळेचं उपग्रह चित्र काढून बघा. नासाच्या वर्ल्डव्ह्यू संकेतस्थळावर रोजची चित्रं फुकट मिळतात. काही आकार तर तिथूनच दिसतात. मेक्सिकोच्या ग्वादालूप बेटामागे किंवा आर्क्टिकमधल्या यान मायेनमागे ढगांच्या भोवऱ्यांची दुहेरी माळ शेकडो किलोमीटर जाते, जमिनीवरच्या माणसाला मात्र साधं ढगाळ आकाश दिसतं. थियोडोर फॉन कार्मानच्या नावाने ती ओळखली जाते.

नाव सुचलं नाही तर तो रकाना रिकामा ठेवा, अंदाज ठोकून देऊ नका. माझ्या वहीत असे अकरा रकाने आहेत. त्यातले दोन गेल्या वर्षी, जुने फोटो पुन्हा पाहताना, भरले गेले. दोन्ही वेळा ढग साधा अल्टोक्युम्युलसच निघाला.